आठ पाट, एक वाटी

माझ्या खुर्चीच्या मागे कुणी येऊन उभं राहिलं की अजूनही माझा हात आधी माउसकडे जातो आणि समोर जे काही उघडं असेल ते मी बंद करून टाकते. नवरा म्हणतो, काय लपवतेस एवढं? लपवत काही नाही. ही काकांनी लावलेली खोड आहे आणि ती आता जाईल असं वाटत नाही.

काका म्हणजे आमच्या कंपनीतले लायसन्सवाले. त्यांच्या टेबलावर ‘सॉफ्टवेअर ॲसेट मॅनेजर’ अशी पाटी होती, पण ती त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे वाढपी. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि तेच त्यांना जास्त आवडायचं असा माझा संशय आहे. सर म्हटलेलं मात्र चालायचं नाही. “मी आपल्याला काही शिकवलेलं नाही,” असं म्हणायचे आणि मग अर्धा तास शिकवायचे.

कंपनी हडपसरला, म्हणजे आमच्याच गावात. माझे वडील ज्या वावरात फ्लॉवर लावायचे त्याच्या बांधापलीकडे ती काचेची इमारत उभी राहिली. इंजिनिअर होऊन मी तिथंच नोकरीला लागले तेव्हा आई म्हणाली, “जमीन गेली पर पोरगी तिथंच हाय, बरं झालं.” आम्ही पंपांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. पंपाच्या पोटात पाणी फेकणारं एक चाक असतं. त्याची पाती कशी वाकवायची ते आमचं सॉफ्टवेअर ठरवायचं आणि एका परदेशी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चाक काढून दाखवायचं. हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर भयंकर महाग. आम्ही तीसेक जण आणि त्याची लायसन्स आठ. म्हणजे कॉम्प्युटर सगळ्यांचे, सॉफ्टवेअरही सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर, पण एका वेळी ते उघडणार आठ जणांनाच. नववा आला की पडद्यावर ‘जागा शिल्लक नाही’ असं यायचं. या आठ जागा तीस जणांत फिरवायच्या, हे काकांचं काम.

लागल्या लागल्याच मी ते सॉफ्टवेअर उघडं टाकून जेवायला गेले. परत येते तर माझ्या टेबलापाशी एक उंच, वाळका माणूस, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हात मागे बांधून उभा.

“आपण जेवून आलात?”

“हो.”

“छान. इथेही आपलं ताट वाढलेलं आहे. एकाच वेळी दोन पंगतींना बसलेलं माणूस मी आज प्रथमच पाहतोय.”

मला काही कळेना. त्यांनी मागे बोट दाखवलं. माझ्याबरोबरच लागलेला शकील तिथे ओशाळं हसत उभा होता. मी जेवत होते तेवढा सगळा वेळ तो जागा सुटायची वाट बघत होता.

आता आमच्या घरात ऐकून घ्यायची पद्धत नाही. वडील मार्केट यार्डात टेम्पो लावायच्या जागेवरून आडत्यांशी, हमालांशी आणि एकदा तर पोलिसाशी भांडून आलेले. मीही म्हटलं, “मग आधी सांगायचं ना. मला काय स्वप्न पडणार होतं?” मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. ते जरा थांबले आणि म्हणाले, “बरोबर आहे. चूक माझी. चला.” आणि मला कँटीनमध्ये घेऊन गेले.

हा कँटीनचा तास कुठल्याच नव्या माणसाला चुकत नसे. काकांना ‘सॉफ्टवेअर विकत घेतलं’ हे शब्द सहन व्हायचे नाहीत. “आपण काही विकत घेतलेलं नाही. आपल्याला बसू दिलेलं आहे. कुठल्या अटीवर बसू दिलंय ते वाचायचं आणि तसं बसायचं.” एखादं लायसन्स माणसाच्या नावावर असतं. तो घरून आणलेला डबा. ज्याचा त्यानं खायचा, शेजाऱ्यानं त्यात हात घालायचा नाही. एखादं एकाच कॉम्प्युटरला जखडलेलं असतं. ते भिंतीतलं फडताळ. घर बदललं तर ते उचलून नेता येत नाही. आणि महिनाभर फुकट वापरायला मिळतं ती आंबेवाल्यानं कापून दिलेली फोड. “फोड चव बघण्यापुरती असते. फोडींवर पोट भरणारे लोक मी पाहिलेत.” हे शकीलकडे बघून. त्यानं घरच्या कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन नेऊन एक महिन्याचं सॉफ्टवेअर वर्षभर चालवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी मोठ्या अभिमानानं ते काकांनाच सांगितलं होतं.

आमच्या आठ जागा म्हणजे पंगत. “पाट आठ, मंडळी तीस. जेवलात की उठायचं. गप्पा मारायच्या असतील तर हात धुऊन, बाहेर.”

हे पंगतीचं खूळ आलं त्यांच्या मामांकडून. मामांचं मंगल कार्यालय होतं आणि कॉलेजात असताना काका लग्नसराईत तिथे वाढायला जायचे. पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाले, ड्रॉइंग बोर्डावर उभं राहून यंत्रं काढायचे. हात फार सुरेख होता म्हणे. बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले, काकांची ती कंपनी बंद पडली, आणि शाळेत एका बाकावर बसणाऱ्या मित्रानं त्यांना आपल्या कंपनीत घेतलं. तो मित्र म्हणजे आमचे साहेब, कंपनीचे मालक. पण ऑफिसात काका त्यांनाही ‘आपण’च म्हणायचे. काका सगळ्यांनाच आपण म्हणायचे. वॉचमनला, चहावाल्याला, गेटवरच्या कुत्र्याला. लायसन्सचा सर्व्हर तापला की त्याच्या अंगावर हात ठेवून “आज आपली तब्येत ठीक दिसत नाही” असं म्हणताना मी स्वतः ऐकलंय.

राहायला येरवड्याला. घर कुठे असं कुणी विचारलं की सांगायचे, “येरवड्याला. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला.”

दिवसभर त्यांची फेरी चालायची. कुणाकुणाची जागा अडलेली आहे ते त्यांना आपल्या पडद्यावर दिसायचं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते येऊन खुर्चीमागे उभे राहायचे. तुम्ही खरंच चाक काढत असलात तर निघून जायचे. तुम्ही क्रिकेटचा स्कोअर बघत असलात आणि खाली ड्रॉइंग नुसतं उघडं असलं, तर मागून आवाज यायचा, “आपलं झालं असेल तर हात धुऊन घ्या.” आवाज कधी चढायचा नाही. चढला असता तर बरं झालं असतं, उलटं भांडता तरी आलं असतं.

साताऱ्याकडच्या एका मुलानं यावर उपाय शोधला. टेबलफॅनच्या जाळीला दोरा बांधला आणि दुसरं टोक माउसला. फॅन मान हलवणार, माउस सरकणार, पडद्यावरचा बाण हलत राहणार, लांबून काम चालू आहे असं वाटणार, आणि हा खाली चहा पिणार. काकांनी ते पाहिलं. दोरा सोडला नाही, फॅन बंद केला नाही. खुर्ची ओढून माउसशेजारी बसले. मुलगा परत आला तेव्हा काका माउसला म्हणत होते, “आपण दमला असाल. आपले मालक आलेत, आता बसा निवांत.” त्या मुलानं पुढे लग्नाची पत्रिका दिली तेव्हा काकांनी ती उघडून आधी पंगती किती ते विचारलं.

खरं तर त्या सॉफ्टवेअरमध्येच सोय होती. अर्धा तास कुणी हात लावला नाही तर जागा आपोआप सुटायची. काकांनी ती कधी चालू केली नाही. मी एकदा म्हटलं, “काका, एवढ्या फेऱ्या मारता, ते बटण दाबून टाका की.” म्हणाले, “ताटावरून माणूस उठवायचा तर माणसानं उठवावा. तो विचारात असेल, पोट दुखत असेल, घरून फोन आला असेल. यंत्राला काय कळतंय त्यातलं?”

आणि एकदा, त्यांचा मूड बरा असताना, म्हणाले, “पंगतीत यजमान फिरतो बघा, हात जोडून, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत. मामा ते फार छान म्हणायचे. मला इथे आजवर म्हणता आलेलं नाही. आठ पाटांत ती माझी ऐपत नाही.” हसत म्हणाले, पण मला ते लागलं.

स्वतः मात्र ते कधी त्या सॉफ्टवेअरवर बसले नाहीत. मी एक चाक काढत होते, पाती एकाला एक लागून छान वळत होती, आणि काका मागे उभे. मी क्रिकेट बघत नव्हते, तरी जाईनात. मी वळून बघितलं तर त्यांचं बोट हवेतच त्या पात्याची रेघ ओढत होतं. मी उठले. “बसा काका, काढा एक.” त्यांनी हात मागे घेतला. “जागा डेव्हलपमेंट टीमच्या आहेत. मी टीममध्ये नाही. आणि वाढपी मध्येच बसत नाही, शेवटी बसतो.” शेवट म्हणजे कधी, असं विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

आता वाटीचं सांगते, कारण सगळा गोंधळ त्या वाटीनं केला.

आईनं एकदा हुलग्याची शेंगोळी दिली होती. वाटी भरून काकांना दिली. ते तूप-वरण-भाताचे माणूस. मुकाट्यानं शेवटपर्यंत खाल्ली, कान लाल झाले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, “आपल्या मातोश्रींना सांगा, उत्तम. पाणी आहे का?” दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती भरून, त्यांच्या घरच्या लिंबाच्या गोड लोणच्यानं. आईनं चाखलं आणि मला विचारलं, “लोणचं गोड? त्यांच्यात कुणी आजारी हाय का?” पण वाटी रिकामी आली नाही याचं तिला बरं वाटलं. ती पुन्हा भरून गेली. मग ती वाटी हडपसर–येरवडा करतच राहिली.

ती स्टीलची वाटी आईच्या लग्नातली, बुडाशी तिच्या मामाचं नाव ठोकलेलं. काकांनी ती उलटी करून वाचली आणि शकीलला आणि मला समोर बसवलं. इंटरनेटवर लोक आपला कोड फुकट ठेवतात, तो आम्ही सर्रास उचलायचो. फुकट म्हणजे फुकट, असं आमचं गणित. काका म्हणाले, “फुकट नाही. शेजारणीनं पाठवलेली वाटी आहे ती. काही शेजारणी म्हणतात, खा, वाटी वापरा, ठेवूनसुद्धा घ्या, फक्त तिच्यावरचं नाव घासू नका. एवढीच अट. आणि काही म्हणतात, खा, त्यात आपलं काही घाला, चार जणांना वाढा, पण वाटी रिकामी परत पाठवू नका. जे घातलंत ते आम्हालाही मिळू दे. कुठली वाटी कुठल्या शेजारणीची, ते आधी बघायचं आणि मग बोट बुडवायचं.”

शकीलचं बोट बुडवून झालं होतं. मऊ वळणाच्या रेघा काढायचा एक कोड त्यानं असाच आणला होता. आमच्या पात्याच्या टोकाशी त्या कोडची रेघ तुटायची. शकील कितीतरी दिवस त्याच्याशी झटला आणि शेवटी तुटेना अशी केली. फारच सुंदर काम. पण कोड निघाला दुसऱ्या शेजारणीचा. आमचं सॉफ्टवेअर बाहेर कुणाला दिलं, की शकीलची दुरुस्तीही सगळ्यांना उघड द्यायची, अशी अट. “वाटी आहे हं, लक्षात ठेवा,” असं काका तेव्हाच म्हणाले होते. आम्ही माना हलवल्या होत्या.

मग परदेशातली एक पंपांची कंपनी आमचं सॉफ्टवेअर घ्यायला तयार झाली. त्यांची माणसं येऊन बघणार होती, आणि आत दुसऱ्यांचा कोणता कोड आहे ते लायसन्स बघणाऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, सहीनं कळवा असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. माझी जागा साहेबांच्या केबिनला लागून, आणि केबिनचं दार कधी नीट लागायचं नाही. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. मीच काय, सगळ्या मजल्यानं ऐकलं.

“बाहेरचं काही नाही असं लिहून टाक,” साहेब म्हणाले.

“जेवलो आहे. जेवलो नाही असं कसं लिहू?”

“अरे, शकीलची ती रेघ हाच आपला माल आहे. ती उघड्यावर ठेवली तर उद्या कुणीही चाक काढेल. आणि कुणाला कळणार आहे?”

“मला कळलेलं आहे. आपल्यालाही कळलेलं आहे. दोघे झालो.”

“तुझ्या तत्त्वांवर या पोरांचे पगार निघत नाहीत.”

आणि मग काकांचा आवाज आला, “शाळेत माझ्या डब्यातला लाडू तुला लागायचा. डबा रिकामा परत द्यायचास तू. तेव्हाही.”

तू. एवढ्या वर्षांत ऑफिसात काकांच्या तोंडून ‘तू’ कुणी ऐकलं नव्हतं. सगळ्यांचे कीबोर्ड थांबले.

साहेब म्हणाले, “सही होत नसेल तर घरी बस.”

“बसतो.”

काकांनी डब्याची पिशवी उचलली. जाता जाता साताऱ्याच्या मुलाच्या खुर्चीमागे क्षणभर थांबले, “आपलं झालं असेल तर हात धुऊन घ्या” म्हणाले आणि गेले. नोकरी गेली हे एक. पण पन्नास वर्षांची मैत्री एका लाडवावर येऊन तुटली, याचं मला जास्त वाईट वाटलं. त्या वयात माणसाला नवीन मित्र कुठून मिळणार?

काका गेले आणि मजल्यावर मोगलाई सुरू झाली. लोक सकाळी आल्या आल्या सॉफ्टवेअर उघडायचे आणि घरी जाताना बंद करायचे. काम असो नसो. जागा मिळालेला माणूस पाणी प्यायला उठेना. माझ्यासारखीनं तर बाटली जवळ आणून ठेवली. एक जण जागा अडवून गावी जत्रेला निघून गेला आणि आम्ही त्याच्या बंद पडद्याला शिव्या देत बसलो. शकील एकदा मागे उभा राहून म्हणाला, “आपलं झालं असेल तर...” आणि पुढे त्याला म्हणवेना. ते काकांनीच म्हणायचं होतं.

इकडे मला काकूंचा फोन. काकू म्हणजे काकांच्या बायको. आवाज खणखणीत.

“अगं, त्यांना परत बोलवा तुमच्याकडे. मला माहितेय ते बरोबर आहेत. बरोबर असलेला माणूस दिवसभर घरात कसा असतो ते तुला लग्न झाल्यावर कळेल. काल मी टीव्ही बघता बघता जरा पेंगले, तर मागे येऊन उभे. म्हणे, आपण बघत नसाल तर रिमोट सोडा. माझ्या घरात, मला.”

“काकू, मी काय करणार?”

“ते मला माहीत नाही. आज त्यांनी गॅसच्या दोन बर्नरांच्या वेळा ठरवल्या आहेत. दुसरा बर्नर मला साडेदहानंतर मिळतो.”

मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “साहेबांचा फोन येईल म्हणून मोबाइल घेऊन बसतात गं. आंघोळीला जाताना माझ्या हातात देऊन जातात.”

परदेशी पाहुणे आले. एक बाई आणि दोन पुरुष. सकाळची वेळ, मोठ्या खोलीत मोठा पडदा, साहेब टाय लावून. चाक काढून दाखवायचं काम माझ्याकडे. मी बटण दाबलं आणि त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत आलं, जागा शिल्लक नाही.

साहेब हसले. पाहुणेही हसले. मी पुन्हा दाबलं, तेच. साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “कुणी अडवलीय बघ. उठव त्याला ताबडतोब.” कुणाकुणाकडे जागा आहे ती यादी मी उघडली. आठ नावं. सगळ्यात वरचं नाव साहेबांचं. पाहुण्यांना केबिनमध्ये बसवून काहीतरी दाखवावं म्हणून सकाळी आल्या आल्या त्यांनीच ते सॉफ्टवेअर उघडलं होतं, आणि तसंच टाकून इकडे आले होते.

यादी सगळ्यांसमोर पडद्यावर. बोलायचं कुणी? खोलीत माझ्याशिवाय शकील, आणि तो छताकडे बघत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, आपलं झालं असेल तर हात धुऊन घ्या.”

पाहुण्या बाईंनी शकीलला विचारलं, या काय म्हणाल्या? शकील घाबरून गेलेला. त्यानं इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं, साहेबांचं जेवण झालं का असं विचारतेय. सकाळचे अकरा वाजले होते. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग साहेबांकडे.

साहेब उठले, केबिनमध्ये गेले, जागा सोडली. चाक निघालं, छान फिरलं, पाती सुरेख वळली. पाहुणे खूश. मग त्या बाई म्हणाल्या, तुमच्याकडे लायसन्स कोण बघतं? त्यांना भेटायचंय. साहेब म्हणाले, ते रजेवर आहेत. बाई म्हणाल्या, ते दिसतंच आहे.

साहेब मोबाइल घेऊन बाहेर जिन्यात गेले. पाणी आणायच्या निमित्तानं मीही गेले, खोटं कशाला बोलू? पलीकडे काकू असाव्यात, कारण साहेब आधी दोन-तीन वेळा “हो वहिनी, हो वहिनी” म्हणाले. मग फोन काकांकडे गेला असावा. मग म्हणाले, “ये. नाही, तशी सही नको. तुला हवं ते लिही. ये फक्त.”

काका रिक्षानं आले. तोच पांढरा शर्ट. पाहुण्यांना नमस्कार केला आणि काही आडपडदा न ठेवता सांगत सुटले. हा कोड अमक्याचा, त्याचं नाव ठेवलेलं आहे. हा तमक्याचा. आणि हा रेघेचा, यात आमच्या शकीलनं भर घातली आहे, ती परत द्यायची आहे. “कधी देणार?” बाईंनी विचारलं. काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टायची गाठ सैल केली आणि म्हणाले, “आज दुपारी.”

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, उत्तम, फक्त यादी वर्णानुक्रमानं लावून द्याल का? झालं. एवढंच. ज्याच्यासाठी पन्नास वर्षांची मैत्री पणाला लागली होती, त्यावर त्यांना एवढंच विचारायचं होतं. साहेबांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीही दया आली.

दुपारी वाटी परत गेली. कोडवर कंपनीचं नाव घालायचं असं साहेब म्हणाले. काका म्हणाले, “घाला. पण वाढलं कंपनीनं, रांधलं यानं,” आणि मूळ नावांच्या खाली शकीलचं अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट, घातलं. शकीलच्या अब्बांचं कँपात फोटोफ्रेमचं दुकान आहे. त्यांनी ते पान छापून, सोनेरी पट्टीची फ्रेम करून दुकानात लावलं. त्यात काय लिहिलंय ते त्यांना कळत नाही, येणाऱ्या गिऱ्हाइकालाही कळत नाही.

काही दिवसांनी कुठल्याशा लांबच्या देशातल्या माणसानं ती दुरुस्ती वापरली आणि तिच्यातली एक चूक काढून परत पाठवली. शकील चिडून बसला, जेवायला येईना. काका म्हणाले, “लोणचं गोड लागलं म्हणून यांच्या मातोश्रींनी वाटी फेकली का?” ती चूक काढल्यावर आमचं चाक आणखी गुळगुळीत झालं. साहेब आता पाहुण्यांना सांगायचे, आमचा कोड जगभर वापरतात. हे सांगताना ते काकांकडे बघायचे नाहीत.

दोघे बोलायला लागले होते, पण कामापुरतं. साहेब तू म्हणायचे, काका पुन्हा आपण. मला वाटायचं, या दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी.

मग ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांनीच आपली रीत बदलली. आता आठ जागा वगैरे नाही. माणशी एक, नावावर, दर वर्षी भाडं. कंपनीही वाढली होती, सगळ्यांची घेतली. नववा माणूस ही गोष्टच संपली. काका म्हणाले, “हा डबा झाला. ज्याचा त्यानं कोपऱ्यात बसून खायचा. सोय आहे.” त्यांच्या निवृत्तीची वेळही आलीच होती. जुना सर्व्हर ज्या दिवशी बंद व्हायचा, तोच दिवस त्यांनी आपला ठरवला.

त्या दिवशी आम्ही आठ जण मुद्दाम जुन्या सर्व्हरवरच्या आठ जागा घेऊन बसलो. बाकीचे खुर्च्यांमागे उभे, आधीच्यासारखे. काका शेवटच्या फेरीला आले. त्यांच्या लक्षात आलं, पण चेहरा तोच. एकेकाच्या मागे थांबून, “आपलं झालं असेल तर हात धुऊन घ्या.” एकेक जण उठला. उठला की दुसरं कुणी बसायचं नाही, असं ठरलेलं. शेवटची मी. मी उठले आणि आठही पाट रिकामे झाले.

“आता कोण?” काकांनी विचारलं.

“आता वाढप्यांची पंगत,” मी म्हटलं. “बसा.”

त्यांनी हात मागे नेले. “जागा डेव्हलपमेंट टीमच्या...”

“आज सकाळपासून तू टीममध्ये आहेस,” मागून साहेब म्हणाले. ते कधी आले ते आम्हाला कळलंच नव्हतं.

“लेखी?”

साहेबांनी मोबाइल पुढे केला. काकांनी चष्मा वर करून मेल पूर्ण वाचला, तारखेसकट. मग माझ्या खुर्चीवर बसले.

माउस त्यांच्या हातात कच्चा होता, पण डोळा पक्का. मधली एक उभी रेघ ओढली. तिच्या बाजूला एक वळण काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. शकील वाकून कुठलं बटण ते सांगत होता. मग ते वळण रेघेभोवती फिरवलं आणि पडद्यावर एक वाटी उभी राहिली. शिकाऊ पोरगासुद्धा पहिल्या दिवशी काढतो इतकं सोपं ड्रॉइंग. पण काकांचं समाधान होईना. काठ जाड झाला म्हणाले. काठ बारीक केला. मग बुडाशी खळगा हवा म्हणाले. सगळी माणसं मागे उभी, कुणी हलेना.

साहेब अगदी त्यांच्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. काकांना ते जाणवलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभा राहिलेला माणूस तो. त्यांचा हात माउसवर थांबला आणि ते अर्धवट उठायला लागले. “झालंच रे माझं,” म्हणाले. “तुला बसायचंय का?”

साहेबांनी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवून त्यांना खाली बसवलं. “नाही रे,” म्हणाले. “सावकाश होऊ दे.”